बुडालेल्या विहिणीचा मान

पोलिसांना भिणारी माणसं मी जन्मभर पाहिली. पण पोलिसांनीच ज्याला भ्यावं असं माणूस एकच पाहिलं, आणि ते माझ्या सुनेची आई आहे. ठाण्यात नवा शिपाई बदलून आला की जुने शिपाई त्याला आधी गावाचा रस्ता दाखवतात आणि मग यांच्या घरावरून न जाण्याचा दुसरा रस्ता दाखवतात, असं म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही, पण विहीणबाईंना पाहिल्यावर ते खोटं वाटत नाही. आंधळगावच्या पलीकडे एका खेड्याच्या त्या पोलीस पाटील आहेत. पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे, हे मलाही सोयरीक झाल्यावरच कळलं. अंगावर वर्दी नाही, हातात दांडकं नाही. गावात काही बरंवाईट झालं की ठाण्याला कळवायचं, एवढंच काम. तेवढ्या कामासाठी खातं अधूनमधून भंडाऱ्याला बोलावून काहीबाही शिकवतं. बाकीचे पाटील जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसतात. विहीणबाई पहिल्या बाकावर बसतात, आणि शिकवणारा साहेब घड्याळाकडे पाहू लागला तरी शंका काढत राहतात.

शिकून त्या थांबल्या असत्या तर आम्हां नातेवाइकांना काही त्रास नव्हता. पण शिकलेलं वापरायला गावात रोज थोडाच गुन्हा होतो? मग घरचीच माणसं सापडतात. प्रथमोपचाराचं शिबिर झालं तेव्हा आमचे इवाई, म्हणजे त्यांचे यजमान, महिनाभर गळ्यात हात अडकवून ओट्यावर रेडिओ ऐकत बसले होते. येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं, कुठे पडलात. ते शांतपणे सांगायचे, "हात बरा आहे जी. बाई शिकून राहिली." वाहतुकीचं शिबिर नेमकं माझ्या मुलाच्या लग्नाआधी झालं. वरात त्यांच्या गावात शिरली आणि वेशीवर नवरीच्या आईनेच शिट्टी फुंकून ती अडवली. बँडवाले वाजवायचे थांबले, घोडा बुजला. मी पुढे होऊन विचारलं तर म्हणाल्या, "नवरदेव थांबू शकते, इहीनबाई. एसटीले टाइम असते." तुमसरची गाडी धूळ उडवत निघून गेली, मग आमचं लग्न लागलं.

एकदा त्या माझ्याकडे मुक्कामाला असताना माझा पितळेचा तांब्या हरवला. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्याला काही तोटा नाही, पण तो माझ्या आईने दिलेला होता, म्हणून मी जरा कुरकुरले. झालं. तांब्याच्या जागेभोवती खडूचं वर्तुळ निघालं, दूधवाल्याचा जबाब झाला, माझ्या मुलाची दोन वेळा उलटतपासणी झाली. संध्याकाळी तांब्या तुळशीमागे सापडला. सकाळी पाणी घालायला विहीणबाईंनीच तो नेला होता. दुसरं कोणी असतं तर हसून विषय संपवला असता. यांनी स्वतःचाही जबाब घेतला, आणि मला हात जोडून सांगितलं की आरोपी सापडली आहे, पण पहिलाच गुन्हा आहे. त्यांना अवघड प्रश्न विचारायला आवडतात, आणि त्यातून त्या स्वतःला वगळत नाहीत. एवढ्या एका गुणासाठी मी बाकीचं सगळं सहन करते.

आता मुद्द्याची गोष्ट. विहीणबाई मॅट्रिक झाल्या आणि लग्न होऊन चुलीपुढे बसल्या. पोरी उजवल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरावर, बसून त्या पुस्तकं वाचायच्या आणि रोवणीच्या बायकांना राज्यशास्त्र सांगायच्या; बायका म्हणत, रोवणीने कंबर जात नाही तेवढी हिच्या लोकसभेने जाते. पेपर एकेक करून सुटले, पण पदवीला थोडे श्रेयांक कमी पडले. माझं शिक्षण चौथी, मला काय कळणार श्रेयांक? त्यांनी मला धानात समजावलं. पदवी म्हणजे खंडी, श्रेयांक म्हणजे पायली. पायली-पायलीने खंडी भरते. यांची खंडी वरच्या काठाला जरा उणी राहिली होती. ती भरायचे दोन मार्ग होते. एक तर आणखी वर्षभर नवा विषय घेऊन बसायचं, नाही तर पोलिसांच्या शिबिरांत शिकलेलं कॉलेजने मोजून घ्यायचं. "पिकवलं पोलिसांच्या बांधीत, पण धान तर धानच आहे ना?" असं त्यांचं म्हणणं. अभ्यासकेंद्राचे सर म्हणाले, मोजता येईल, पण नुसत्या प्रमाणपत्रावर नाही. येत असेल तर करून दाखवा.

वर्षभर थांबायला त्यांच्याकडे वर्ष नव्हतं. साठी भरली की पोलीस पाटीलकी जाते. नव्या पाटलांना शिकवायला खातं अनुभवी माणसं घेणार होतं, पण पदवी झालेलीच, आणि साठीच्या आत नाव लागायला हवं होतं. माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलताना त्या एकदाच म्हणाल्या, "साठीनंतर मी का करू, इहीनबाई? कोंबड्याईची वाहतूक सांभाळू?" मी हसले, त्या हसल्या नाहीत.

परीक्षेला जाताना सोबत एक माणूस न्यायचं होतं, ज्याच्यावर सगळं करून दाखवायचं. त्या आपल्या लेकीला नेणार होत्या, पण माझी सून सातव्या महिन्यात. तिला कोण फरफटू देणार? इवाई धान कापणीत अडकलेले. शेवटी मीच म्हटलं, मी येते, निजायचंच तर आहे. त्यांचा चेहरा उतरला. "तुमाले कशी नेऊ जी? तुम्ही तर पोराची माय," म्हणाल्या. मी म्हटलं, पोराच्या मायला पण हाडं असतात, चला.

कॉलेजच्या दालनात सतरंजी घातली होती. तपासायला अभ्यासकेंद्राचे सर आणि पोलिसांकडून एक तरुण फौजदारीणबाई. पट्टी बांधणं, आग विझवणं, जबाब लिहून घेणं, सगळं विहीणबाईंनी असं धडाधड केलं की सरांनाच दम लागला. मग शेवटचं राहिलं, पुरात बुडालेल्या माणसाला ओढून काढून शुद्धीवर आणणं. दर पावसाळ्याआधी वैनगंगेच्या काठावर त्या हे शिकत आल्या होत्या. मी सतरंजीवर आडवी झाले, डोळे मिटले आणि बुडाले.

काहीच होईना. पापणी किलकिली करून पाहते तर विहीणबाई माझ्या पायांशी वाकून नमस्कार करत होत्या. मग डोक्याशी आल्या, पदर खोचला, आणि माझे खांदे दोन-दोन बोटांनी असे धरले, जणू पूजेचं ताट उचलायचं आहे. हळूच म्हणाल्या, "इहीनबाई, जरा सरकता का?"

सरांनी चष्मा काढला. "बाई, बुडालेल्या माणसाला विनंती करतात का?"

"सर, ह्या माझ्या पोरीच्या सासू आहेत," विहीणबाई म्हणाल्या. एवढंच. वरात अडवणारी बाई, दूधवाल्याला घाम फोडणारी बाई, तिचा आवाज बसला होता. आमच्याकडे मुलाच्या आईला पाटावर बसवून पाय धुतात, नारळ देतात, तिच्या रुसव्याला सगळा मांडव भितो. तो मांडव इतक्या वर्षांनी त्या दालनात येऊन उभा राहिला होता. सर म्हणाले, दुसरं कोणी असेल तर बोलवा, नाही तर हे जमलं नाही असं लिहावं लागेल. दुसरं कोणी नव्हतं. विहीणबाई हात सोडून उभ्या राहिल्या.

मला राग आला. डोळे न उघडताच मी बोलले, "जमलं नाही लिवा, सर. अन् इहीनबाई, तुम्ही गावाले सांगजा, पोरीची सासू पुरात गेली अन् मी काठावर मानपान करत उभी होती. ओढता का आता? मी केव्हाची मरून राहिली."

फौजदारीणबाई फिसकन हसली. पुढच्या क्षणी माझ्या काखेखाली दोन हात असे शिरले की मला खरंच वाटलं, नदीच आहे. सतरंजी सरकली, अंबाडा सुटला, टाचा फरशीवर घासल्या, आणि मी थेट दारापर्यंत गेले. सरांना खुर्ची उचलून बाजूला व्हावं लागलं. विहीणबाईंनी मला कुशीवर वळवलं, तोंडाशी कान नेला, खांदा हलवून ओरडल्या, "ऐकू येते का? नाव सांगा!" बुडालेल्या माणसाने लगेच बोलायचं नसतं, हे मला घरून शिकवून आणलं होतं, म्हणून मी गप्प. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग आवाज एकदम खाली आला. "अवो माय, डोळे उघडा ना." हे शिबिरात शिकवलेलं नव्हतं. मी एक डोळा उघडून विचारलं, "झालं का?"

निकाल पुढे बऱ्याच दिवसांनी आला. सगळी शिबिरं धरली नाहीत. श्वानपथकाचं वगळलं, कारण तिथे त्या नुसत्या कुत्रा पाहून आल्या होत्या. पण खंडी काठोकाठ भरली. आता पदवीच्या समारंभाची वाट आहे, आणि शिकवायच्या यादीत त्यांचं नाव गेलं आहे. बोलावणं अजून आलेलं नाही, येईल. तोवर सरावासाठी त्यांचं एका बाहुलीला रोज लंगोट बांधून सोडणं चालू आहे. माझ्या येणाऱ्या नातवंडाची मला काळजी वाटते, पण ते बुडणार नाही एवढं नक्की.

माझी टाच आठवडाभर दुखली. मानपानाचे नारळ मला आयुष्यात पुष्कळ मिळाले, त्यांचं खोबरं केव्हाच संपलं. पण आई गेल्यापासून मला कोणी इतकं घट्ट धरलं नव्हतं. हे मी विहीणबाईंना सांगितलेलं नाही. सांगितलं तर लगेच कॉलेजात जाऊन त्याचे वेगळे श्रेयांक मागतील, आणि पुन्हा करून दाखवायला मलाच नेतील. नेलं तर जाईन.