मराठी विभागाचं आमेन

आमच्या विद्यापीठात नोटीस बोर्ड आहे, ईमेल आहे, व्हॉट्सअ‍ॅपचे चार ग्रुप आहेत. पण खरी बातमी हवी असेल तर सकाळी पावणेनऊच्या प्रार्थनेला हजर राहावं लागतं. संस्था ख्रिस्ती आहे, मी नाही. पनवेलजवळच्या एका गावातली, आगरी घरातली. घरी गणपती आणि गावदेवीची जत्रा. एम.ए. मराठी झाले, घराजवळ नोकरी मिळत होती, म्हणून इथे आले. पहिल्याच आठवड्यात ऑफिसचे साहेब, म्हणजे आत्ताचे कुलसचिव, डोळे मिटून म्हणाले, "हे प्रेमळ पित्या, जे हजेरीपटावर सही करतात आणि तासाला जात नाहीत त्यांना सुबुद्धी दे." सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. इतिहासाच्या सरांनी मात्र उघडले आणि घड्याळ पाहिलं.

तेव्हा कळलं की इथे कोणी कोणाला तोंडावर बोलत नाही. रागावणं पाप, टोमणा मारणं त्याहून मोठं पाप, पण देवाजवळ मन मोकळं करायला कोणाची हरकत? लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं आमच्याकडे देवाला बोलायचं आणि स्टाफला लागायचं. कोणाची रजा नामंजूर झाली, कोणाला परीक्षेचं काम लागलं, कोणाच्या डब्यातल्या सुक्या मासळीचा वास वरच्या मजल्यापर्यंत जातो, हे सगळं मला व्हाया परमेश्वर समजलेलं आहे. शेवटचं मी मनावर घेतलं नाही.

आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन. हे आमेन साधं नाही बरं का. एकदा सगळ्यांच्या तोंडून निघालं की विषय संपला. मग त्यावर कोणी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. इतिवृत्तात फक्त लिहितात, "प्रार्थनापूर्वक एकमताने मंजूर."

संस्थेची सुरुवात खांदा कॉलनीतल्या भाड्याच्या बंगल्यात झाली होती. खाली वर्ग, वर वसतिगृह, स्वयंपाकघरात ग्रंथालय. तेव्हाच्या प्राचार्या बाई म्हणजे बारीक चणीच्या, खणखणीत आवाजाच्या. इथून शिकून बाहेर पडणारा धर्मोपदेशक असो की शाळामास्तर, ज्याला धड मराठी बोलता येत नाही त्याचं कोण ऐकणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मराठी विभाग पहिल्या दिवसापासून होता. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि दरवर्षी पाच-सात मुलं. पुढे बी.एड. आलं, करंजाड्याच्या बाजूला चार मजली इमारत झाली, आणि एके दिवशी आम्ही विद्यापीठ झालो. पाटी बदलली, पगार तोच राहिला. लिफ्टही आली, पण ती पाहुणे आले की चालू होते.

बाई निवृत्त होऊन गेल्या आणि मग विमानतळ आला. आमच्या वडिलांची भातजमीन त्याच्यातच गेली. भावानं पैशाचं सोनं केलं, आता उलव्यात इमारती बांधतो आणि मला सल्ले देतो. विद्यापीठालाही विमानाची स्वप्नं पडायला लागली. नवे कुलगुरू बाहेरच्या राज्यातून आले. सज्जन माणूस, पहाटे उठून झाडांना पाणी घालणारा, पण मराठीचा गंध नाही. त्यांनी ठरवलं की आता विमानसेवा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम. मुलांना सराव हवा म्हणून कुठल्याशा भंगारातून विमानाच्या खऱ्या खुर्च्या आणल्या, पट्ट्यांसकट. त्या ठेवायला खोली हवी होती. तळमजल्यावरची, मोठी, वाऱ्याची खोली एकच होती. माझी.

मला कोणी काही सांगितलं नाही. एका सोमवारी कुलसचिव प्रार्थनेला उभे राहिले. आजारी माणसांसाठी मागून झालं, परीक्षांसाठी झालं. मग म्हणाले, "आणि पित्या, आमच्या एका भगिनीनं बावीस वर्षं तुझ्या मुलांना मातृभाषा शिकवली. आता तिच्यासाठी नवं दार उघड. विकासाच्या या पावलाला तिनं आनंदानं साथ द्यावी असं तिला मन दे." सगळे म्हणाले, आमेन.

मीही म्हणाले! बावीस वर्षांची सवय. डोळे मिटलेले, सकाळची वेळ, प्रार्थना करणाऱ्याचा आवाज उतरला की तोंड आपोआप उघडतं. आमेन म्हणून झाल्यावर मला अर्थ लागला. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. आणि वर माझा आवाज खणखणीत, गावात भजनाला बसलेला.

तशीच कुलसचिवांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, विभाग बंद करायचा होता तर मला आधी सांगायचं. ते कळवळून म्हणाले की सांगितलंच ना, सगळ्यांसमोर, देवासमोर, आणि मॅडम, आमेन तर तुम्ही सर्वांत मोठ्यानं म्हणालात. वर्ष संपलं की विभाग बंद, मला प्रवेशकक्षात बसवायचं, फोन घ्यायला. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा त्याहून जास्त राग आला. घरी भावाला कळलं तर तो म्हणाला, "सोड गो ती नोकरी, आमी हाय ना. उलव्याच्या ऑफिसात बस." म्हणजे तिथेही फोनच घ्यायचे.

नोकरीचं मला तितकं नव्हतं. पण त्या पाच-सात मुलांत दरवर्षी एखादं असं असतं, ज्याच्या घरात 'आमी', 'नाय' बोलतात आणि बाहेर ज्याला लाज वाटते. ते पोर पहिल्यांदा उभं राहून न अडखळता चार वाक्यं बोलतं, त्यासाठी मी बावीस वर्षं येत होते. तेवढं गेलं की माझं इथे काही उरत नव्हतं.

बुधवारी स्टाफपैकी एकानं प्रार्थना करायची असते. माझी पाळी आली की सौजन्यानं पुढे ढकलतात. या वेळी मी म्हटलं, मला करायची आहे. कुलसचिवांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, बाईंचं हृदयपरिवर्तन होतंय.

उभी राहिले, डोळे मिटले. म्हटलं, "हे देवा, विमानसेवेच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोन तास मराठी शिकवायचं, मराठी विभाग चालू ठेवायचा, आणि त्यासाठी ही खोली वाटून घ्यायची, असं मन या संस्थेला दे. एवढंच तुझ्याकडे मागते. आमेन."

सभागृहात चिडीचूप. अठरा-वीस मराठी माणसं, माझ्याबरोबर डबा खाणारी, माझ्याकडून मुलांचे निबंध तपासून घेणारी. एकाचाही आवाज नाही. मग पहिल्या रांगेतून एकच आवाज आला, मोठा, मनापासून. कुलगुरू म्हणाले, "आमेन." त्यांना एक अक्षरही कळलं नव्हतं.

नंतर त्यांनी मला बोलावून इंग्रजीत विचारलं की मी काय मागितलं. मी खरं ते शब्दशः सांगितलं. ते हसले. म्हणाले, मी आमेन म्हटलंय, आता मला काही कळलंच नव्हतं असं देवाला कसं सांगू? आणि कागदावर सही केली. आता मी विमानाच्या खुर्च्यांसमोर उभी राहून शिकवते. मुलं पट्टा बांधून बसतात, कविता कठीण असली तर घट्ट बांधतात.

सही झाली त्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये सगळे माझ्या टेबलाशी आले. देवानं ऐकलं म्हणाले, कोणी वडा पुढे केला. कुलसचिव खुर्ची ओढून बसले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, गैरसमज नको. आमेन आम्ही सगळेच म्हणालो. मनातल्या मनात."

मी वडा खाल्ला, चहा संपवला. मग म्हटलं, "सोमवारी मात्र मोठ्यानं म्हणाला होतात."