कंपनी फुकट भोक पाडत न्हाई

वडूजला बाळूच्या सलूनमध्ये केस पडतात तसे किस्सेही पडतात. केस बाळू रोज झाडून टाकतो. किस्से मात्र साठत जातात, कारण बाकावर तात्या बसलेले असतात. माझे सख्खे चुलते, मिलिटरीतून रिटायर. त्यांचा माणसावर विश्वास नाहीच, कात्री-कंगव्यावरही नाही.

*

नेलकटरच्या टोकाला भोक का असतं? मी म्हणालो, "किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायला. हरवू नये म्हणून."

तात्या हसले. "आरं, हरवलं तर दुसरं खपंल. कंपनी फुकट भोक पाडत न्हाई."

*

बाळूच्या कात्रीच्या कडीला बारीक शेपूट आहे. करंगळी टेकवायला, असं बाळू सांगतो. तात्यांना पटेना. कटिंग होईस्तोवर आरशातून त्यांनी त्या करंगळीवर पाळत ठेवली. मिशीची पाळी आली तेव्हा नीट दिसावं म्हणून नेमकी मान वळवली.

"करंगळी टेकती खरी," उठताना म्हणाले, "पण मिशी कुठं गेली?"

*

केसांच्या पिनेची नागमोडी बाजू खाली, डोक्याकडं ठेवायची असते. काकीला हे सुनेनं सांगितलं. जन्मभर तिनं पिन उलटीच लावली होती! परवा ती औंधला यमाईच्या डोंगरावर जाऊन आली. वर लय वारं, तरी अंबाडा जसाच्या तसा.

तात्यांच्या कपाळाला आठी. "रोज सुटतोय. आज कुणी बांधून दिला?"

काकी चपला काढत म्हणाली, "यमाईनं."

*

ट्रिमरचं प्रकरण मात्र चिघळलं. दिनूअण्णा म्हणजे तात्यांचे फौजेतले जोडीदार आणि शेजारी. लेकीच्या लग्नाच्या सकाळी त्यांनी तात्यांचा ट्रिमर मागितला. मीच खिशात घालून पोचवला. मांडवात अण्णा दाढीसकट उभे, आणि दुसऱ्या दिवशी ट्रिमर परत आला तो मुका. बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही.

"पाडला असंल. वर सांगितलं बी न्हाई," म्हणत तात्यांनी बोलणं टाकलं. अण्णांनीही सलूनकडं यायचं सोडलं. रोजचा दोघांचा चहा बंद झाला. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी मी ट्रिमर बाळूला दाखवला. त्यानं बटण दाबून धरलं आणि ट्रिमर घुमायला लागला. "लॉक हुता. बटण जास्त वेळ दाबलं गेलं की लागतो, तसाच सुटतो. प्रवासात पिशवीत चालू होऊ नये म्हणून सोय असती."

"म्हणजे कुलूप लावून परत दिला?" तात्या उठले ते थेट अण्णांच्या दारात. मी मागोमाग.

अण्णांनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून पुढं धरला. डोक्याला फेटा, शेजारी लेक, गालावर आठवड्याची दाढी. "गड्या, तू दिलास तवाच बंद हुता. द्यायचा नव्हता तर न्हाई म्हणायचं."

तात्या फोटोकडं बघतच राहिले. डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "आन् मग कुलूप लावलं कुणी?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.