गावाबाहेरचा नाताळ

पिंपळगाव राजात मिशनच्या शाळेवर इंद्रभान मास्तर होते. आठवडाभर पोरांना बाराखडी आणि रविवारी पाच ख्रिस्ती घरांना उपदेश, असा त्यांचा दुहेरी संसार. उपदेशाला उभे राहिले की ऊन भिंतीवरून उतरून अंगणात जाई, तरी मास्तरांचं 'शेवटचं एक सांगतो' काही संपत नसे. त्यांची बायको सत्यभामाबाई चुलीवर दाळ चढवूनच प्रार्थनेला येई. परत जाईस्तोवर ती मेणासारखी शिजलेली असे.

त्या साली दिवाळी झाली नि गावात उंदीर पडू लागले. प्लेग आला. लोकांनी घरांना कुलपं घातली आणि शिवारात कडब्याच्या झोपड्या टाकल्या. तिथेच चौथ्या दिवशी मास्तरांची आई गेली. तेव्हापासून गावाला आशा वाटत फिरणारे मास्तर मुके झाले.

नाताळ दोन दिवसांवर आला, तेव्हा ते म्हणाले, "औंदा नाताळ नाही. प्रार्थनाघर बंद, माय गेली. कोणत्या तोंडानं लोकायले आनंद करा म्हणू?"

"नका म्हणू," सत्यभामाबाई म्हणाली. "मी करंज्या करतो. खोबरं नाही, तं तिळाच्या करतो."

तीळ भाजायचा वास सुटला नि शेजारच्या झोपडीतली रुखमाबाई, कुणब्याची म्हातारी, विस्तव मागायचं निमित्त करून आली.

"कशाचा सण हो, मास्तर?"

"आमचा प्रभू जन्मला, त्याचा," मास्तर नाइलाजानं म्हणाले.

"कुठी जन्मला?"

"गोठ्यात. गव्हाणीत ठेवला होता."

"गोठ्यात काऊन? मायबापाले घर नव्हतं?"

"परगावी आले होते. उतरायले कुठी जागाच भेटली नाही."

रुखमाबाई हसली. "म्हणजे आपल्यावानीच झालं त्याचं! मंग इथं नाही करसान, तं कुठी करसान त्याचा सण? कुलपातल्या घरात?"

विस्तव घेऊन म्हातारी गेली. बारा वर्षं मास्तर प्रभूच्या जन्माचा हा अध्याय शिकवत होते. एकेका शब्दावर अर्धा अर्धा तास बोलत होते. पण त्या गोठ्यात आपण कधी वाकून शिरलोच नाही, हे त्यांना आज कळलं. थोड्या वेळानं ते बायकोला म्हणाले, "जरा जास्त तीळ भाज. लोक येतीन."

नाताळच्या सकाळी अकरा माणसं कडब्यावर दाटीनं बसली. मागे रुखमाबाईही होती. मास्तर उभे राहिले.

"आपण गावाबाहेर हाओ. तोही गावाबाहेरच होता. तो आपल्यापाशी आला, आन् माही माय त्याच्यापाशी गेली. आपली भेट होईन."

एवढंच. लोक पुढचं ऐकायला थांबले; पण मास्तर खाली बसले.

"किती चांगलं बोलता हो तुमी," रुखमाबाई म्हणाली. रविवारचे उपदेश ऐकलेले बाकीचे एकमेकांकडे पाहून गालात हसले. मग पातेल्यावर ताल धरून गाणी झाली. मास्तर एकाच वेळी रडत होते नि गातही होते, आणि दोन्ही अगदी बेसूर.

होळीच्या आधी गावाची कुलपं उघडली. पुढे दरवर्षी नाताळच्या सकाळी नवराबायको आधी शिवारात, आईला पुरलं होतं तिथे जात आणि मोठ्यानं गाणी म्हणत. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून ऐकत उभ्या राहत.