बंदुकीवरचं कुंकू

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, फौजेतून परतल्यावर सुप्याच्या एका पतसंस्थेच्या दारात पहाऱ्याला बसू लागले. त्या नोकरीची अट एकच होती, स्वतःची परवान्याची बंदूक हवी. त्यांनी परवाना काढला, बारा बोअरची दुनळी घेतली आणि त्यावर आमचं घर चाललं. घरातली पहिली पदवी मला मिळाली, तीही दारातल्या त्या खुर्चीमुळेच. म्हणून बंदूक म्हटलं की मला आधी तेलाचा वास आठवतो. रविवारची दुपार, पत्र्यावर तापलेलं ऊन, आणि माझ्या अर्धवट झोपेत, मोकळी नळी डोळ्याशी धरून उजेडाकडे बघत बसलेले आण्णा. मला वाटायचं, नळीच्या पलीकडे त्यांना एखादं दूरचं गाव दिसत असेल.

गेल्या वर्षी परवान्याची मुदत संपत आली. नूतनीकरणाचा अर्ज मी भरला. नावावर गुन्हा नाही, प्रकृती ठीक आहे, हत्यार कुलपात ठेवतो, सगळं नीट लिहिलं. बंदुकीचा नंबर जुन्या परवान्यावरून उतरवून घेतला. बंदुकीवर तो आहे का, हे बघायचं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आण्णा आणि मी बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात पडताळणीला गेलो तेव्हा हवालदारांनी परवान्याचं पुस्तक एका हातात धरलं आणि बंदूक टेबलावर फिरवून फिरवून पाहिली.

"आण्णा, नंबर कुठंय?"

"हितंच हाय की सायेब, नळीच्या बुडाला."

"हितं तर तुमी देऊळच बांधलंय!"

नळीच्या बुडाशी लाल-काळं जाड पूट होतं. दर खंडेनवमीला आई कोयता, पेरणीची पाभर आणि शिलाई मशीनबरोबर बंदुकीलाही तेलात कालवलेलं कुंकू लावायची, नेमकं त्याच जागी. लावलेलं कुंकू पुसायचं नाही, अशी तिची ताकीद. आण्णा दर आठवड्याला अख्खी बंदूक चकचकीत करत, पण तेवढ्या जागेला वळसा घालून जात.

"नंबर दिसत न्हाई, असंच मला लिवावं लागंल," हवालदार म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मग कलेक्टर कचेरीत कागद अडकला म्हनून समजा."

परवाना अडकला की दारातली खुर्ची दुसऱ्याची. आण्णांनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि पूट खरवडायला वाकले. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांना अडवायला मी याआधी कधी हात लावला नव्हता.

"आण्णा, खरवडू नका. आकडा घासला गेला तर तुम्हीच खोडला असं धरतात."

"कोन धरतं?"

"कायदा. तसं लिहिलंय त्यात."

"पोरगी शिकली म्हनायची," हवालदार हसले. "खरंय तिचं. किल्ली ठिवा खिशात."

मी आईला फोन लावून सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच ओरडली, "देवाच्या कुंकवाला किल्ली लावत्यात व्हय? खोबरेल लावा अन् मुरू द्या. मऊ हुतं ते. अन् त्या हवालदाराला म्हनावं, लई घाई करू नको."

समोरच्या किराणा दुकानातून बाटली आणली. तेल ओतलं आणि आम्ही तिघे टेबलाभोवती बसलो. खिडकीबाहेर लिंबाची सावली हलत होती, आत पंखा फिरत होता. तेल त्या लालसर पुटात हळूहळू शिरत होतं. मला गुंगी आल्यासारखं झालं. वाटलं, आम्ही ठाण्यात नाहीच, पाण्याच्या तळाशी कुठेतरी बसलोय आणि वरून फार मंद उजेड येतोय. त्या पुटात आईची सगळी वर्षं एकावर एक निजली होती. प्रत्येक वर्षी तिनं त्याच बोटानं आमची काळजी तिथे लावून ठेवली होती, आणि आता तीच आमच्या आड आली होती. आईचा राग मात्र मला येईना.

किती वेळ गेला कळलं नाही. आण्णांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि बाळाचं तोंड पुसावं तसं पुसलं. पूट सुटलं. आधी एक आकडा आला, मग दुसरा. हवालदारांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि पुस्तकाशी ताडून एकेक आकडा वाचू लागले, पण शेवटच्या आकड्याशी अडखळले.

"हे तीन का आठ?"

"आठ," आण्णा म्हणाले. नंबर त्यांना पाठ होता.

"तुमी सांगून भागत न्हाई. दिसाया पायजे."

आण्णांनी पुन्हा थेंबभर तेल लावलं, थांबले आणि पुन्हा पुसलं. डावीकडची वळणं उघडी झाली. आठ होता.

हवालदारांनी अहवालात "क्रमांक जुळला" असं लिहिलं आणि सही केली. आण्णांनी ते अक्षरन् अक्षर वाचलं, मग मला वाचायला लावलं. बंदूक त्यांनी पिशवीत घातली. पायऱ्या उतरताना ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "उद्या आठची ड्युटी हाय."