महलकाच्या नावाची फीत

होमायून चोर आहे असं मी म्हणणार नाही. चोर निदान लपून येतो. होमायून दिवसाढवळ्या आला, माझ्या शेजारी बसून पिस्ते फोडले, चहा प्यायला आणि महलकानं स्वतःच्या तोंडानं दिलेलं घेऊन गेला.

महलका इराणातल्या करमानची. लॉस एंजेलिसला आली ती आईनं भरलेल्या दोन लाल शाली आणि एक देखणा नवरा घेऊन. नवरा वर्षभरात एका दातांच्या डॉक्टरणीकडे राहायला गेला. त्याचे दात आता झकास आहेत म्हणतात. शाली राहिल्या.

एकोणीस वर्षं ती आमच्या इराण्यांच्या वस्तीत, वेस्टवुडात, दुसऱ्यांच्या नावाचे कपडे शिवत होती. मग एकदा तिनं आईच्या शालीतली कोयरी डेनिमच्या जाकिटावर भरली. अशी, की पाठीवरून निघालेलं टोक खांद्यावरून पुढे डोकवावं. आमच्या बायकांनी नाकं मुरडली. "आजीची शाल आणि गुराख्याचं जाकीट! शोभतं का?" त्यांच्याच मुली दुसऱ्या दिवशी मापं द्यायला हजर.

बिस्किटांच्या डब्यात तिनं एक फीत जपून ठेवली होती. शंभर लेबलं, न कापलेली, प्रत्येकावर विणलेलं: महलका. "पहिली मोठी ऑर्डर आली की कापीन," म्हणायची. एवढंच मागणं होतं बाईचं.

बेव्हर्ली हिल्समध्ये होमायूनचं कपड्यांचं दुकान. तो एका बड्या कंपनीच्या अमेरिकन बाईला घेऊन महलकाकडे आला. बाईनं जाकीट उलटंपालटं केलं, वही काढली आणि विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

आता, आमच्यात अशा प्रश्नाला "माझी" म्हणतो तो एक तर पोर, नाही तर गाढव.

"माझी कसली डोंबलाची!" महलका म्हणाली. "नजर सगळी होमायून आगांची. मी त्यांच्या पायाची धूळ, आपले दोन टाके घालते."

यावर त्यानं म्हणायचं, "छे छे खानम, सोन्याचे हात तुमचे." तिनं म्हणायचं, "लाजवू नका." पुन्हा त्यानं, पुन्हा तिनं. तिसऱ्या खेपेला खरं काय ते आपोआप जागेवर येऊन बसतं. ही आमची रीत. दारातून आधी कोण जाणार यावरून माझे दोन मेहुणे अर्धा तास उन्हात उभे राहिलेत, आणि आत पुलाव गार.

होमायूननं पिस्ता तोंडात टाकला. म्हणाला, "मेहेरबानी तुमची."

बस्स. बाईनं वहीत लिहून घेतलं. शांतता वाईट दिसते म्हणून मी म्हणालो, "वा! आगांची नजरच तशी!" मला वाटलं, आता तरी लाजेल.

हिवाळ्यात जाकिटं बाजारात आली. कॉलरच्या आत लेबल: होमायून.

ती त्याच्या दुकानात गेली, तेव्हा तो हसला. "चार माणसांत तुम्हीच म्हणालात ना खानम? मन्सूर आगाही 'वा' म्हणाले, ते साक्षीला आहेत. इथे अमेरिकेत बोललेलं धरतात." हाच होमायून, पहिल्या आग्रहाला कुणी ताटावर बसलं तर त्याला महिनाभर हावरट म्हणणारा.

नवरोजच्या मेजवानीला त्यानं तिलाही बोलावलं. हॉलमध्ये पुतळ्याच्या अंगावर ते पहिलं जाकीट. सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "महलका खानम, हे घर, ही कीर्ती, सगळं तुमचंच. आमचं काय आहे?"

"खरंच माझं?"

"म्हणजे काय! हक्कानं घ्या!"

"बरं, घेते." तिनं पुतळ्याचं जाकीट काढलं, हातावर टाकलं. "आणि लेबलावर नावही माझं. उद्यापासून."

मग होमायूनची बायको पुटपुटली, "आईनं काही शिकवलं नाही वाटतं." आणि सगळ्याजणी माना डोलावू लागल्या. त्यानं घेतलं तेव्हा कुणाला लाज वाटली नव्हती. हिनं परत मागितलं तेव्हा गावभर अब्रू गेली. लेबल बदललं नाहीच. तिला बोलावणी बंद झाली. मीही बोलावलं नाही. बायको नको म्हणाली, आणि मला तेवढं पुरलं.

परवा पँट आखूड करायला तिच्याकडे गेलो. लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक मशीन आहे तिचं. तयार कपड्यांच्या घड्या ती फितीनं बांधते. कुठली फीत, ते वाचता आलं.

"चहा घेणार, मन्सूर आगा?"

"नको नको, कशाला त्रास," मी सवयीनं म्हणालो आणि दुसऱ्या आग्रहासाठी जरा सावरून बसलो.

"बरं," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.