मेंढ्या बसवा

मला लिहायची सवय नाही, त्यामुळे चूकभूल होईल. पण आमच्या पिंपळवंडीत माझी पुतणी रोहिणी घरूनच कॉम्प्युटरचे गेम बनवते, आणि ती नेमकं काय करते हे लोक मलाच विचारतात.

तिच्या कंपनीचा एक लढाईचा गेम आहे. गावं वसवायची, शेती करायची, त्या धान्यावर सैन्य पोसायचं. आपण विचार करत बसलो तरी शत्रू थांबत नाही. खेळणाऱ्यांना तो पाठ झाला होता, म्हणून त्याला नवा भाग जोडायचं काम रोहिणीकडे आलं. एक्सपान्शन म्हणतात त्याला. वर्षभर ती त्यावर खपली. सोमवारी पुण्यात दाखवायचा होता. पसंत पडला नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

कंपनीतले म्हणत होते, दहा नवी सैन्यं घाल.

"तात्या, तलवारी वाढवून खेळ तोच राहतो," ती मला म्हणाली. "एकच गोष्ट घालायची, पण जुनं सगळं नव्यानं बघावं लागलं पायजे."

तिने मेंढपाळ घातले. त्यांना गाव नाही, तट नाही. बिऱ्हाड घोड्यावर लादून फिरायचं. ज्याच्या शेतात मेंढ्या बसतील त्याचं पीक दुप्पट.

शनिवारी कंपनीतल्या पुण्याच्या भरतने तिने लिहून दिल्याप्रमाणे प्रोग्राम करून पाठवला. रोहिणीने 'मेंढ्या बसवा' हे बटण दाबलं. मेंढ्या पाय दुमडून खाली बसल्या. शत्रू अंगावर आला तरी उठेनात.

तिचे वडील, आमचे नवसूभाऊ, यांचा जन्म मेंढरांमागे गेला. ते म्हणाले, "लई गुनाची मेंढरं. आमची कवा ऐकायची न्हाईत."

रोहिणीने फोन लावला. "अरे, बसवायच्या म्हणजे खतासाठी शेतात मुक्कामाला ठेवायच्या."

"तू बसवा लिहिलंस, मी बसवल्या," भरत म्हणाला.

आमच्याकडे हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही. म्हणून भरतला तो फोडून सांगावा हे तिलाही सुचलं नव्हतं.

"आन शेतकरी नको म्हनला तर?" नवसूभाऊंनी विचारलं. "इचारल्याबिगर कुनाच्या रानात शिरायचं न्हाई, पोरी."

रविवारी तिने आणि भरतने खेळ बदलला. आता मेंढपाळाने विचारायचं, शेतवाल्याने हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तर पीक दुप्पट, पण मेंढपाळाला तुमचं कोठार आतून दिसणार, म्हणजे त्याला ते लुटायला सोपं.

सोमवारी कंपनीचे साहेब स्वतः शेतवाल्याच्या बाजूने खेळायला बसले. त्यांनी मेंढपाळाला हो म्हटलं, भरघोस पीक काढलं आणि कोठार गमावलं.

संध्याकाळी रोहिणी एसटीतून उतरली ती हसतच. "घेतला त्यांनी."

"हरला म्हनून?" नवसूभाऊ.

"हरल्यावर लगेच म्हणाले, परत लाव. या वेळी नाही म्हणून बघतो."