पोळ्याला अडकलेले पाव्हणे

परभणीत नामांतराचे मोर्चे निघत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं गाव ताडकळसच्या पलीकडं, पूर्णा आणि गोदावरीच्या बेचक्यात. इथली माती नदीनंच आणून टाकलेली. निजामाच्या राज्यात पटवाऱ्याला सगळे वचकून असत, पण नदीनं त्यालाही कधी जुमानलं नाही. एका काठाची जमीन खायची आणि दुसऱ्या काठाला टाकायची. आजोबांचा चांगला तुकडा असाच पलीकडं गेला. उरलेल्या रानात कापूस, ज्वारी आणि पूर ओसरला की काठच्या गाळात वांगी. ती वांगी बाजारात पाटी खाली ठेवायच्या आत संपायची.

खोट एकच होती. गोदावरी फुगली की तिचं पाणी उलटं आमच्या ओढ्यात शिरायचं आणि रस्ता बंद व्हायचा. पाऊस वर कुठंतरी पडायचा आणि कोरड्या आभाळाखाली अडकायचो आम्ही. अशा गावात मुलगी द्यायला लोक कां कूं करत. मला दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसरं स्थळ वालूरकडचं. मुलगी मी परभणीत तिच्या मामाच्या घरी पाहिली. पोहे देताना ती जरा हसली आणि मी कामातून गेलो. करीन तर हिच्याशीच, असं मायला सांगून टाकलं.

आता तिचे वडील घर बघायला येणार होते. माझ्या वडिलांनी मुद्दाम पोळ्याचा आदला दिवस ठरवला, कारण तेव्हा बैल धुतलेले, घरं सारवलेली असतात. पाव्हण्यांनाही संध्याकाळी स्वतःच्या बैलांच्या खांदेमळणीला घरी पोचायचं होतं, म्हणजे ते फार वेळ टेकणार नव्हते. आमच्याकडं तर एकच म्हातारा बैल. मग गावात सगळे करतात तेच आम्ही केलं. शेजारच्या काकाची खिलारी जोडी आमच्या दावणीला आली. गाद्या-तक्के एका घरून, पितळी घंगाळ दुसऱ्या घरून, खुर्च्या शाळेतून. म्हातारा बैल घरामागं बाभळीखाली बांधला.

पाव्हणे एकटेच आले. जेवले, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, खूश दिसले. निघायला उठले तर निरोप आला, ओढ्याला पाणी चढलंय. वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. पाव्हण्यांना वाटलं, त्यांच्याच काळजीनं.

संध्याकाळी काका दारात येऊन उभा राहिला. खांद्यांना तूप-हळद चोळल्याशिवाय पोळा कसा व्हायचा?

"जरा बैलं फिरवून आणतो," काका म्हणाला.

"आण, आण," वडील म्हणाले.

ती जोडी फिरायला गेली ती गेलीच. सकाळी सणाच्या आंघोळीला हवं म्हणून घंगाळवाली आली, पाठोपाठ गाद्यावाला. त्याच्याकडंही लेक-जावई आधीच मुक्कामाला आले होते. जो तो काहीतरी बहाणा सांगे, वडील मान डोलवत आणि मी भिंतीकडं बघत बसे. खुर्च्या तेवढ्या राहिल्या, शाळेला सुट्टी होती म्हणून. दुपारी मिरवणूक निघाली. शिंगांना बेगड लावलेली खिलारी जोडी काकाच्या हातात दिमाखात चालली होती. पाव्हण्यांनी ती पाहिली, वडिलांनी पाव्हण्यांना पाहिलं. तिसरा नकार आलाच म्हणून मी मनात तिचा निरोप घेऊन टाकला. फार वाईट वाटलं.

तेवढ्यात माय घरामागं गेली आणि म्हाताऱ्या बैलाला कासरा धरून अंगणात घेऊन आली. वडील दबक्या आवाजात म्हणाले, "आगं, काय करायलीस?"

"आज त्याचा सण हाय. लग्न जमो न जमो, त्याला आज लपवायची न्हाई मी."

तिनं त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं. पुरणपोळीचं ताट घ्यायला ती वळली तर पाव्हणे आधीच उठलेले. म्हणाले, "वैनी, माजे बैल आज माज्याबिगर उभे असतील. मला बी एक घास चारू द्या." त्यांनी त्याच्या गळ्याखाली हात घातला आणि पोळी भरवली. डोळे ओले झाले होते, ते त्यांनी सरळ धोतराच्या सोग्यानं पुसले.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. वडील आणि मी त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला गेलो. वडिलांनी शेवटी बळ धरलं, "पाव्हणं, तुमी समदं बघितलंच हाय. आता लपवायला काई उरलं न्हाई."

पाव्हणे चपला हातात घेऊन चिखलात उतरले. पलीकडं पोचल्यावर वळून बघितलं आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साखरपुड्याला आमच्याकडं याल तवा दोन दिस आदी निरोप धाडा. आमचं गाव लय पसरलेलं हाय, गोळा करायला येळ लागतो."